मी दत्तोपंतांची ढाल नव्हे

मी चित्रकाराची पॅलेट बोलतेय, रंग कालवायची लाकडी पाटी. पण इंदूरच्या या घरात दर खंडेनवमीला मला तलवारींशेजारी पाटावर बसवतात. तोंड दाबून हळदकुंकवाचा मार!

माझा जन्म अमेरिकेतला. माझी मालकीण एडिथ हॅलोवे. मुलीनं फार तर कपबश्यांवर फुलं रंगवावीत, असं तिच्या वडिलांचं मत. एडिथ कसली ऐकतेय! मला बगलेत मारून ती बोटीत बसली.

१९१२ साली इथल्या एका सरदारांना पत्नीचं, सरोजिनीबाईंचं चित्र हवं होतं. पडद्यामुळे पुरुष चित्रकार चालेना, म्हणून एडिथला बोलावलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तीन महिने नुसत्या खिदळत होत्या. चित्र झकास झालं. एडिथनं कोपऱ्यात सही केली.

"चित्र आमच्या घरचं, त्यावर परक्या बाईचं नाव कशाला?" म्हणत सरदारांनी सहीवर रंग फासायला लावला. मला फार वाईट वाटलं. एडिथ मला सरोजिनीबाईंच्या हाती देऊन निघून गेली. तिचं नाव या घरात कुणीतरी घ्यावं, एवढीच माझी इच्छा राहिली.

पण सरोजिनीबाईंच्या मागे मी शस्त्रांच्या पेटीत जाऊन पडले नि ढाल ठरले. शस्त्राला कुंकू लावताना ते ज्याचं, त्याचं नाव घ्यायची घरची रीत. सरदारांचे नातू जयसिंगराव मला कुंकू लावताना म्हणतात, "पणजोबा दत्तोपंतांची ढाल!" आणि अंगठा घालून मला धरायचं भोक? "यातून शत्रूवर नजर ठेवायची," असं ते पाहुण्यांना डोळा लावून दाखवतात. माझ्याएवढी ढाल घेऊन दत्तोपंत दुपारपर्यंतसुद्धा टिकले नसते.

यंदा आर्ट कॉलेजात जाणारी नात रुची मला पुसायला बसली. तिनं सहज भोकात अंगठा घातला नि थबकली.

"आजोबा, ही ढाल नाहीये. ये तो पॅलेट आहे!"

"क्या बात करती है! खानदानी चीज आहे ती."

रुचीनं मला उलटं केलं. पाठीवर एडिथनं सुरीनं कोरलेलं स्वतःचं नाव तिनं वाचून दाखवलं.

"अगंबाई, ती चित्रवाली मेमसाब!" आजी भानुमतीबाई म्हणाल्या. "तिचं नाव पुसलं म्हणून आजेसासूबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. सासूबाईच सांगायच्या मला."

जयसिंगरावांनी मला तिच्या हातून घेऊन पाटाच्या कडेला ठेवलं. माझा जीव टांगणीला. ढाल नाही म्हटल्यावर मी भंगारातच जाणार!

पूजा सुरू झाली. तलवारी झाल्या, कट्यार झाली. माझ्यापाशी त्यांचा हात थांबला.

"रुची बेटा, नाव फिरसे सांग. नीट सांग."

तिनं सांगितलं. जयसिंगरावांनी कुंकवात बोट बुडवलं आणि भरल्या घरात मोठ्यानं म्हणाले, "एडिथ हॅलोवे!"

मंडळी, तुमच्या भिंतीवर एखादं जुनं चित्र असेल, तर कोपऱ्यात जरा वाकून बघा. नाव दिसलं तर मोठ्यानं वाचा.