दोरीवरची पावलं

प्रेमानंदांनी नातीचे पाय जमिनीला फारसे लागूच दिले नव्हते. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांना एकच काम उरलं होतं, ते म्हणजे रितिका. नुकती चालायला लागली तेव्हा ती पायरीवरून पडली आणि कपाळाला टाके पडले. तेव्हापासून पायरी आली की आबाजी उचलत, खड्डा दिसला की उचलत, आणि काही नसलं तरी उचलत. पोर चार वर्षांची झाली, तरी उंबरठ्यापाशी दोन्ही हात वर करून उभी राही. सून भावना म्हणायची, तिला चालू द्या. ते ऐकल्यासारखं करत.

अंगणवाडीत घातलं तेही भावनाच्या हट्टानं. तिथल्या सेविका पंचफुलाताई अंगानं भरलेल्या, आवाजानं बारीक. खिचडी, वजनं, मोबाइलवर माहिती भरणं हे सगळं उरकून त्या रोज मुलांना अंगणात काढत. जमिनीवर जाड दोरी नागमोडी टाकलेली, तिच्या टोकाला वीट, पुढे चटई आणि जुनं टायर. कुणी दोरीवरून तोल सांभाळत चाले, कुणी टायरात बेडूकउडी घेई. प्रेमानंद फाटकापाशी थांबून बघत. अक्षरं कधी शिकवणार, असं त्यांनी एकदा विचारलंही. ताई हसल्या. शिकवू ना, म्हणाल्या, पण आधी अंग ताब्यात येऊ द्या, बोटं त्याच्या मागून येतात.

रितिका चटईवर बसून राही. ताईंनी तिला कधी ओढलं नाही. त्यांनी तिच्याकडे कापडी चेंडू घरंगळत सोडला, तिनं तो परत ढकलला. मग चेंडू रोज थोडा लांब जाऊ लागला. त्याच्यामागे पोर आधी रांगली, मग उठून धावली. एवढ्या गलक्यात ही बाई एकेका लेकराचं पाऊल ध्यानात ठेवते, हे फाटकापाशी उभं राहून प्रेमानंदांना हळूहळू उमगत गेलं. त्यांच्या नकळत त्यांचं येणं लवकर आणि जाणं उशिरा होऊ लागलं.

एक दिवस रितिका दोरीपर्यंत आली आणि अडली. फाटकाकडे वळून तिनं हात वर केले. आबाजी लगबगीनं आत शिरले.

“काकाजी, उचलू नका,” ताई हळूच म्हणाल्या. “आले तं तुमीच चाला दोरीवरून. ती पाहीन.”

त्यांना लाज वाटली, पण त्यांनी चपला काढल्या. वळणावर गुडघा लटपटला, पाय दोरीबाहेर पडला, हात हवेत गेले. पोरं खिदळली. रितिका मात्र हसली नाही. ती दोरीवर चढली आणि म्हणाली, “आबाजी, माहा हात धर.”

नातीच्या आधारानं त्यांनी दोरी पार केली. पुढे वीट होती.

“आता सोडा,” ताई म्हणाल्या.

हात सोडायला नातीपेक्षा आजोबांनाच जास्त वेळ लागला. ती विटेवर डुलत उभी राहिली, उडी मारली आणि चटईवर गुडघ्यांवर पडली. प्रेमानंद पुढे झेपावणार होते, पण ताई जागच्या हलल्या नाहीत, म्हणून तेही थांबले. रितिकानं तळहात पाहिले, फ्रॉकला पुसले आणि पुन्हा विटेवर चढली.

घरी जाताना तिनं कडेवर यायला नकार दिला. वाटेतला प्रत्येक दगड तिला हवा होता, त्यामुळे पोचायला दुपार झाली.

संध्याकाळी भावना कामावरून आली. तिला लेकीच्या उडीबद्दल सांगता सांगता प्रेमानंद पंचफुलाताईंबद्दलच बोलत राहिले.

“आपण धरून ठेवतो, ती बाई पाहत उभी राह्यते,” ते म्हणाले. “हे काम सोपं नाही, भावना. मले अजून शिकाचं हाय.”

भावनानं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, “मंग उद्या फाटकात थांबू नका. आतच बसा.”