खिडकीकडचा आवाज

तिसगावच्या स्टँडवर शेवगावची गाडी लागली तेव्हा दहाच वाजले होते, पण ऊन बारा वाजल्यासारखं होतं. बाबाजाननं आधी अवजारांची पिशवी चढवली, मग बायकोला हात दिला. ड्रायव्हरच्या बाजूच्या ओळीत एक बाक रिकामं होतं.

"तुमी बसा खिडकीशी," मलिका म्हणाली.

"मी? आन् तुला मळमळतं त्ये?"

"लिंबू हाय." तिनं मूठ उघडून दाखवली. मुठीत हिरवं लिंबू, नखानं ओरखडलेलं.

बत्तीस वर्षांच्या संसारात मलिकानं खिडकी कधी सोडली नव्हती. लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीतसुद्धा नवरी खिडकीशी होती. गेल्या वर्षा-दीड वर्षात मात्र ती अशी गपचूप बाजूला सरते आणि लिंबू हुंगत बसते. वय झालं, हौस सरली, असं बाबाजाननं मनाशी धरलं होतं. तो खिडकीशी बसला. ती त्याच्या डाव्या हाताला.

नेवाशाची ही तिसरी खेप होती. पाठ आत्ताच दुखत होती.

नेवाशाला मिशनच्या शाळेतले जुने गायनमास्तर राहत. कृपादान मास्तर, वय बहात्तर. सगळ्या टापूत ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की त्यांचं नाव निघायचं. त्यांच्या पुण्यातल्या मुलानं, एडविननं, बापाला होम थिएटर घेऊन दिलं होतं. समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि कोपऱ्यात धमधम करणारा एक मोठा डबा. ते बसवायला बाबाजानशिवाय कोण? चौतीस वर्षं झाली त्याला आवाजाच्या धंद्यात. आधी लग्नाचे कर्णे, मग मिरवणुकीतल्या डब्यांच्या भिंती, आता लोकांच्या हॉलमधले हे गुळगुळीत डबे. यंत्र नाही, मोबाईलमधलं मीटर नाही, तो कानानं जुळवायचा, आणि लोक तेच सांगायचे, बाबाजाननं बसवलं की बघायला लागत नाही.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी आपलं स्वतःचं कीर्तन लावलं होतं. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये केलेलं, एडविनच्या मित्रानं नीट रेकॉर्ड केलेलं. पेटी डावीकडे, तबला उजवीकडे, मास्तर मध्ये. दोन दिवसांनी फोन आला.

"बाबाजानभाई, मी खिडकीत उभा राहून कीर्तन करतोय."

"म्हंजी?"

"म्हणजे आवाज खिडकीकडून येतो. उजवीकडून. मी टीव्हीसमोर उभा नाही, खिडकीत लोंबकळतोय."

दुसऱ्या खेपेला बाबाजाननं मधला स्पीकर बदलला. तो दुसऱ्या कंपनीचा होता, आणि समोरचे तिन्ही एका घराण्याचे लागतात. नाहीतर आवाज इकडून तिकडे जाताना माणूस बदलल्यासारखा वाटतो. तारा तपासल्या, लाल लालला, काळी काळीला. टेप लावून अंतरं मोजली. मग खुर्चीत बसून ऐकलं. मधोमध! काट्यावर ठेवल्यासारखं मधोमध.

मास्तर मात्र मान हलवत राहिले. "खिडकीच."

शेवटची गाडी चुकायला आली होती. अंग आंबलं होतं. तेव्हा बाबाजानच्या तोंडून गेलं, "मास्तर, राग मानू नका. वय झालं की कानात फरक पडतो. एकदा नगरला जाऊन तपासून घ्या."

मास्तर हसले फक्त. त्या हसण्याला पंधरा दिवस झाले, आणि काल एंजेलाबाईंचा, मास्तरांच्या बायकोचा, फोन आला होता.

"तुम्ही गेल्यापासून हे गायले नाहीत. दोन रविवार झाले. मंडळी पेटी घेऊन येतात, हे म्हणतात घसा बसलाय. घसा काही बसलेला नाही. कानच गेले तर सुरात आहे का बेसूर, मला कसं कळणार, असं म्हणतात. बाबाजानभाई, त्या डब्यांचं नंतर बघा. माझ्या माणसाला गायला लावा."

त्याला रात्रभर ते वाक्य उशीतल्या काटकीसारखं टोचत राहिलं. मलिकाला बहिणीकडे, नाझनीनकडे, जायचंच होतं. ती म्हणाली, मीबी येते.

शेवगावला गाडी बदलून ते नेवाशाला उतरले आणि चालत निघाले. मलिका डाव्या अंगाला, पदर डोक्यावर. चौकात बाबाजान रस्ता ओलांडायला वळला आणि मलिकानं त्याचा दंड धरून असा ओढला की पिशवीतले पाने-पकडी खणखणले. उजव्या बाजूनं ऊस भरलेला टेम्पो अंगावरून गेल्यासारखा गेला.

"बहिरा हाय का म्हातारा?" ड्रायव्हर ओरडून गेला.

"हॉर्न तरी द्यावा माणसानं," बाबाजान म्हणाला.

मलिका त्याच्याकडे बघत राहिली. टेम्पोनं तीनदा हॉर्न दिला होता. तिनं पदरानं त्याच्या बाहीवरची धूळ तेवढी झटकली.

"सलाम, मास्तर."

"सलाम, सलाम. या. आज वहिनींनाही आणलंत? म्हणजे आता दोघं मिळून मला बहिरा ठरवणार." मास्तर हसले, पण आवाज ओलसर लाकडासारखा, न पेटणारा. पेटीवर कापड घातलेलं होतं आणि कापडावर धूळ होती. गाणाऱ्याच्या घरात पेटीवर धूळ बसायला किती दिवस लागतात, बाबाजानला माहीत होतं.

एंजेलाबाई मलिकाला चहाला आत घेऊन गेल्या. बाबाजान कामाला बसला. एकेका स्पीकरमधून तपासणीचा आवाज सोडला, पत्र्यावर पडणाऱ्या बारीक वाळूसारखा. डावा. मधला. उजवा. तिघं भाऊ एकाच आवाजात बोलत होते. आवाजाच्या रंगात खोट नव्हती. मग त्यानं मोबाईल जोडला आणि आपलं हक्काचं काढलं.

सुरुवातीच्या काळात त्याच्याकडे तपासायला काही नव्हतं. तेव्हा नव्या नवरीला त्यानं कॅसेटवर एक ओवी म्हणायला लावली होती. एका माईकवरची ओवी. दोन स्पीकर बरोबर जुळले की गाणारी मधोमध येऊन बसायची, भिंतीला टेकून बसल्यासारखी. कॅसेट गेली, सीडी गेली, ओवी मोबाईलमध्ये आली. दर घरात तो तिच्यावरच जुळवायचा.

*दारीच्या निंबाखाली, कोण गं वाट पाही*
*सावली सरली तरी, पाऊल हलत नाही*

"अवो, बंद करा त्ये!" आतून मलिका ओरडली. "लोकांच्या घरात काय लावून बसलाय?"

"हा तुझा आवाज?" एंजेलाबाई विचारत होत्या. "अगं किती कोवळा!"

"तवा अठरा वर्साची हुते, बाई. हे मला घरोघर वाजवत हिंडत्यात."

मास्तर ऐकत होते. डोळे मिटून. मग हळूच म्हणाले, "वहिनी छान गातात. पण खिडकीत बसून गातात."

बाबाजान खुर्चीत बसला. मधोमध. अठरा वर्षांची मलिका त्याच्या नाकासमोर बसून गात होती. तो काही बोलणार होता, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "मला खिडकीत ऐकू येतं म्हणजे तिथं नसणारच. तुमचे कान आहेत, भाई, तुमच्यावर सगळा तालुका जुळतो. माझंच उतरलं. तुम्ही हे राहू द्या असंच. एडविनला सांगू, झालं म्हणून."

सुटका समोर उभी होती. पिशवी आवरायची, चहा प्यायचा, नाझनीनकडे जेवायचं. बाबाजानला इतकं दमायला झालं होतं की क्षणभर त्यानं पिशवीची चेनसुद्धा ओढली.

मग त्याची नजर रिमोटवरून टीव्हीवर गेली. तिथं आकडे उभे होते. डावा, शून्य. उजवा, सहानं वर.

हे सहा त्यानंच चढवले होते. उजवीकडे खिडकी आहे, आवाज बाहेर सांडतो, म्हणून. घोडेगावच्या डॉक्टरकडेही उजवा चढवला होता, तिथं पडदा होता म्हणून. पाथर्डीच्या दुकानदाराकडे, जिना होता म्हणून. गेल्या वर्षातलं एकेक घर त्याच्या डोळ्यापुढून गेलं, आणि प्रत्येक घरात त्याच्या हातानं उजवा स्पीकर वर ढकललेला. प्रत्येक घरात उजव्या हातालाच खिडकी कशी असेल?

चौतीस वर्षांत ज्या भिंती लावल्या, त्यांच्या शेजारी तो उभा राहायचा. मिक्सर पुढ्यात, आणि आठ-आठ डब्यांची भिंत उजव्या खांद्याला. आठवलं. कान रात्रभर शिट्टी मारायचा. सकाळी उतरायचं. एके सकाळी उतरलं नसेल.

एक साधी परीक्षा होती. तरुणपणी उस्तादानं शिकवलेली. खुर्ची उलटी फिरवायची आणि भिंतीकडे तोंड करून ऐकायचं. खरोखर मधोमध असेल तर पाठ फिरवली तरी मधोमधच राहतं. दुसऱ्यांच्या कानांना त्यानं ही परीक्षा कितीदा लावली होती. स्वतःला वर्षभरात एकदाही नाही. का नाही, ते त्यानं स्वतःला विचारलंच नव्हतं.

तो उठला. खुर्ची उचलून उलटी ठेवली.

"काय करताय?" मास्तर म्हणाले.

"बसतो जरा."

समोर आता नुसती भिंत, भिंतीवर क्रूस, खाली कॅलेंडर. त्यानं ओवी पुन्हा लावली. आणि अठरा वर्षांची मलिका त्याच्या पाठीमागून उठली आणि खिडकीत जाऊन बसली. पार खिडकीत, अंग बाहेर काढून. खिडकी आता डाव्या हाताला होती, चांगल्या कानाला.

ओवी संपली. त्यानं पुन्हा लावली. खिडकी. आणखी एकदा. खिडकीच.

त्यानं मोबाईल बंद केला. मास्तरांनी हाक मारली असावी; उजव्या बाजूनं मारली असावी.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, वळला नाही. "तुमचे कान चांगले हायेत. माझा उजवा गेलाय. मी माझ्या बहिऱ्या कानावर तुमचं घर जुळवलं, आन् वर तुमालाच नगरला जा म्हनालो."

बाहेर कुठंतरी ट्रॅक्टर चालू झाला आणि बंद पडला.

मास्तर उठले, गुडघ्यावर हात देत, आणि येऊन त्याच्या डावीकडे उभे राहिले. "पंधरा दिवस," ते म्हणाले, "मी बाथरूममध्येसुद्धा गुणगुणलो नाही हो."

"शिवी द्या, मास्तर."

"शिवी शिकवली नाही आम्हाला मिशननं. वहिनींना विचारतो एखादी." मग त्यांचा हात बाबाजानच्या खांद्यावर आला. जड, पण राहिला. "आता हे जुळवणार कोण?"

मलिका दारात उभी होती. कपबशी हातात, चहा न पिता. तिला नवीन काहीच कळलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मलिका," बाबाजान म्हणाला. "बस हितं."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काय न्हाई. डोळे मिट. जिथनं गातीया वाटंल तिथं बोट दाखव. आवाज तर तुझाच हाय."

खुर्ची सरळ झाली. मलिका तिच्या टोकावर बसली, पदर सारखा केला, डोळे मिटले आणि शाळेतल्या पोरीसारखं बोट पुढं धरलं. ओवी सुरू झाली. बोट सरळ खिडकीकडे गेलं.

बाबाजाननं उजवा एक आकडा उतरवला. बोट किंचित हललं. आणखी एक. त्यानं ऐकणं सोडून दिलं होतं. त्याला आता आवाज दिसत होता, त्या बोटाच्या टोकावर, भाकरीच्या चटक्यांनी काळवंडलेल्या. तीन. चार. बोट पडद्यावरून सरकलं, तबल्याच्या बाजूनं आत आलं. पाच. सहाला बोट टीव्हीच्या बरोबर मध्यावर येऊन थांबलं.

"हितं," मलिका म्हणाली.

"मधोमध," मास्तर म्हणाले, त्याच क्षणी.

दोन्ही बाजू शून्यावर होत्या. बाबाजानला ओवी डावीकडे कलंडलेली ऐकू येत होती, गाडीतून उतरताना झुकलेल्या माणसासारखी. यापुढं त्याला सगळंच असं ऐकू येणार होतं. त्यानं काही हलवलं नाही.

मग मास्तरांचं कीर्तन लागलं. दोन ओळी झाल्या आणि खोलीत दोन मास्तर झाले. एक डब्यातले, एक खुर्चीमागे उभे. दुसऱ्याचा सूर आधी जरा चाचपडत आला, मग बसला. एंजेलाबाईंनी पेटीवरचं कापड ओढलं आणि घाईघाईनं त्यानंच धूळ पुसली.

नाझनीनकडे जेवून चारच्या गाडीला ते स्टँडवर आले. बाबाजानला पाऊल उचलवत नव्हतं. शुक्रवारी संगमनेरला एक काम होतं, मग घोडेगाव, पाथर्डी आणि वर्षातली बाकीची घरं, एकेका घरी जाऊन परत उजवा उतरवायचा, का ते सांगायचं. सगळं आठवूनच थकवा येत होता.

"किती दिसांपासून म्हाईत हुतं तुला?"

"मागच्या बकरीदीच्या आधीपासनं. उजवीकडनं हाक मारली की तुमी रुसल्यागत गप बसायचे. आधी वाटलं, खरंच रुसलेत."

"आन् सांगितलं न्हाई?"

"कानावर जगनाऱ्याला कसं सांगायचं? म्हनलं, आपनच बाजू बदलावी."

गाडी लागली. मलिका सवयीनं ड्रायव्हरच्या ओळीकडे वळली, त्याला खिडकीशी ढकलायला. बाबाजाननं तिच्या कोपराला धरून थांबवलं आणि डावीकडच्या ओळीतलं बाक दाखवलं.

"हिकडं बस. हिकडं खिडकी तुझ्याकडं येती, आन् माझा चांगला कानबी."

मलिकानं बाकाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि वर्षभर लिंबू हुंगून आंबलेल्या माणसासारखा उसासा टाकला.

"हे आधी न्हाई सुचलं मला," ती म्हणाली, आणि आत सरकली.

गाडी हलली. वारा आला. तिनं लिंबू पिशवीत टाकलं.

"शुक्रवारी संगमनेरला यावं लागंल तुला."

"आन् भाकरी कोन करनार?"

"सकाळी करून निघू."

"बघू," ती म्हणाली, खिडकीबाहेर तोंड करून. वाऱ्यात बोलली तरी त्याला ते नीट ऐकू आलं.