प्रार्थना कोण चालवेल

मनोरमाबाईंनी आपली चिठ्ठी कोरीच परत दिली आणि तिथेच त्या फसल्या.

त्यांची ख्रिस्ती मंडळी रविवारी सकाळी भाईंदर पूर्वेच्या एका शाळेचा हॉल घेऊन उपासना करायची. २००६ च्या जूनमध्ये नव्या पाळकसाहेबांनी सांगितलं, की सेवा हे एकट्या पाळकाचं काम नाही, प्रत्येकाने काहीतरी अंगावर घ्यावं. कोण काय करणार ते लिहायला चिठ्ठ्या वाटल्या. विचार चांगलाच होता. पण चिठ्ठ्या उघडल्या तर अर्ध्या मंडळीला गायनात पुढे उभं राहायचं होतं, बाकीच्यांना माइकवरून सूचना द्यायच्या होत्या आणि दोघा महाभागांनी नुसतं ‘मार्गदर्शन’ असं लिहिलं होतं. आजाऱ्यांच्या भेटीला एकही नाव नाही. मग ज्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या, त्यांना तिकडे ढकललं. बाईंना या सगळ्याचा वीट आला. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं लोकांशी बोलून झाल्यावर त्या शेवटच्या रांगेत गप्प बसायला यायच्या. चारचौघांत तोंड उघडून त्यांनी जन्मात कधी प्रार्थना केली नव्हती.

खुर्च्या मांडीन, असंही कोणी लिहिलं नव्हतं. ते काम अकरा वर्षं ईश्वरकाका करत आले होते. सकाळी सातला येऊन ऐंशी लोखंडी खुर्च्या उलगडायच्या, पुसायच्या आणि उपासना संपली की पुन्हा मिटून भिंतीला लावायच्या. ती सेवा आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्याही नाही. एप्रिलपासून ते अंथरुणाला खिळले होते आणि शाळेचा वॉचमन कुरकुरत खुर्च्या मांडत होता.

पहिली भेट त्यांचीच निघाली. शनिवारी दुपारी तिघं इंद्रलोक वस्तीतल्या त्यांच्या घरी पोचले: कमिटीचे सेक्रेटरी लोंढे, गायनातली दिव्या आणि मनोरमाबाई. लिफ्ट बंद होती. चार जिने चढेपर्यंत लोंढ्यांनी जिन्याला, बिल्डरला आणि महानगरपालिकेला नावं ठेवून घेतली.

दार काकांची सून ममता हिने उघडलं. आतून वास आला. औषधाचा, मुताचा आणि पाठीवर चिघळलेल्या जखमांचा. लोंढ्यांनी अत्तर लावलेला रुमाल नाकाला धरला आणि तो शेवटपर्यंत खाली घेतला नाही. दिव्या दाराशीच उभी राहिली. बाईंनी श्वास रोखला आणि आपण श्वास रोखलाय हे काकांना दिसत असणार, याची त्यांना लाज वाटली.

“सलाम,” काका मंडळीच्या रीतीने म्हणाले. त्यांचा आवाज खोल गेला होता. “साहेब नाय आले?”

“साहेब नगरला गेलेत, मीटिंगला. मंगळवारी येतील,” लोंढे म्हणाले.

“बरं. तुम्ही आलात ना. प्रार्थना करा माझ्यासाठी. मला भीती वाटतेय हो.”

एवढं बोलून त्यांनी काडीसारखे झालेले हात छातीवर जोडले आणि डोळे मिटले.

दिव्याने एका गीताची दोन कडवी म्हटली. त्यानंतर लोंढे बोलायला लागले. कमिटीने वर्षभराची काय योजना आखली आहे, किती विभाग पाडले आहेत, वार्षिक सभेत त्याचा अहवाल कसा येणार आहे. मरणाऱ्या माणसाला अहवाल! बाई घड्याळाकडे बघत राहिल्या. काकांचे हात जोडलेलेच होते.

“तर आता प्रार्थनेने समाप्त करू,” लोंढे म्हणाले. “बाई, चालवा तुम्ही.”

या मंडळीत एक जुनी खोड आहे. ‘प्रार्थना कोण चालवेल?’ असं विचारलं, की कोणाशी नजरानजर होऊ नये म्हणून सगळे आधी डोळे मिटतात. मग एकमेकांना मान देणं सुरू होतं. रविवारी हे खपून जातं, कारण शेवटी साहेब असतातच.

“मी कशी? तुम्ही सेक्रेटरी आहात,” बाई म्हणाल्या.

“छे छे, लेडीज फर्स्ट. दिव्या, तू चालव मग.”

“अंकल, माझं फक्त सिंगिंग आहे. मला असं सुचत नाही पटकन.”

“बाई, तुम्ही वयाने मोठ्या.”

“तुमच्यासमोर मी काय बोलणार?”

असं तीनदा फिरलं. ममता चहाचा ट्रे घेऊन मध्येच थांबली होती, प्रार्थना चालू असेल तर आवाज नको म्हणून. शेवटी लोंढ्यांनी निकाल लावला. “असं करू. साहेबच येतील मंगळवारी, ते करतील. त्यांच्या प्रार्थनेची गोष्टच वेगळी.” आणि त्यांनी ट्रेमधलं बिस्किट उचललं.

काकांनी डोळे उघडले नाहीत. अडखळत त्यांनीच सुरुवात केली.

“प्रभू, ही माणसं चार जिने चढून आलीत. दमलीत. त्यांना नीट घरी पोचव. आमेन.”

“आमेन,” लोंढे मोठ्याने म्हणाले. तोंडात बिस्किट होतं.

खाली उतरेपर्यंत बाईंना त्या वासाचा विसर पडला होता. त्यांना लोंढ्यांची किळस आली, दिव्याची आली आणि सगळ्यांत जास्त स्वतःची आली. दोन वाक्यं तर बोलायची होती. भीती वाटतेय, असं तो माणूस म्हणाला होता.

ईश्वरकाका सोमवारी पहाटे गेले. साहेब मंगळवारी आले ते थेट मातीला.

पुढच्या रविवारी मंडळी हॉलमध्ये शिरली तर खुर्च्या भिंतीला मिटलेल्या. “चाचा बीमार थे तब तक किया. वो अपना काम नहीं है,” वॉचमनने हात वर केले. माणसं खुर्च्यांशेजारी उभी राहून कोणीतरी खुर्च्या मांडायची वाट बघत होती. बाईंनी पदर खोचला आणि एकेक खुर्ची ओढायला सुरुवात केली. दहाव्या-बाराव्या खुर्चीनंतर साहेब कोट काढून मदतीला आले, तेव्हा कुठे बाकीच्यांचे हात हलले.

उपासनेत लोंढ्यांनी सेवेचा अहवाल वाचला. “शनिवारी आमच्या विभागाने दिवंगत ईश्वरकाकांची भेट घेतली. गीत आणि प्रार्थना झाली. भेट आशीर्वादित ठरली.”

साहेबांनी मान डोलावली. “काकांच्या कुटुंबासाठी प्रार्थना कोण चालवेल?”

ऐंशी माणसांनी डोळे मिटले. पंखे तेवढे फिरत होते. शेवटच्या रांगेतली एक लोखंडी खुर्ची करकरली आणि मनोरमाबाई उभ्या राहिल्या. शब्द शोधायला त्यांना वेळ लागला, कारण प्रार्थनेचे ठरलेले सुंदर शब्द त्यांना येत नव्हते.

“प्रभू, आता वाचलं ते खोटं आहे. काकांना भीती वाटत होती. त्यांनी हात जोडून प्रार्थना मागितली. आम्ही तिघांनी केली नाही. तुम्ही करा, तुम्ही करा, म्हणत बसलो. मग त्यांनीच आमच्यासाठी केली. आम्ही चहा प्यायलो आणि घरी आलो. त्या वेळी मला लाज वाटत होती तोंड उघडायची. आता गप्प बसायची वाटते. त्यांच्या सुनेला सांभाळ. आम्हाला क्षमा करायची की नाही, ते तू बघ. आमेन.”

बाईंना साथ द्यायला कोणीच ‘आमेन’ म्हटलं नाही. लोंढे कागदाची घडी घालत राहिले. मग दाराजवळून, उशिरा आल्यामुळे खुर्ची न मिळालेल्या ममताने एकटीने ‘आमेन’ म्हटलं.