अम्मी विचारतात
सकिनानं वर्तमानपत्रावर सुकट पसरली आणि डोकी मोडायला सुरुवात केली, तेवढ्यात मुजम्मिलनं लॅपटॉप आणून त्याच कागदाच्या कडेवर ठेवला.

"हे बघ अम्मी. ही काउंटी."

"तुझ्या यंत्राला वास लागेल रे."

"लागू दे. तू आधी बघ."

पडद्यावर एक पिवळा चौकोन होता. तीन कडा पट्टीनं आखाव्यात तशा सरळ. वरच्या बाजूनं तेवढी एक नदी वाकडीतिकडी गेलेली. अमेरिकेच्या मधोमध, दोन्हीकडच्या समुद्रांपासून लांब. तिथल्या मक्यापासून इंधन काढायच्या कारखान्यात मुजम्मिलला नोकरी मिळत होती आणि रविवारी त्याला हो की नाही ते कळवायचं होतं. इथे आखातात तो लांब दुक्मच्या रिफायनरीत होता. तिकडे पत्र्याच्या खोलीत राहायचा, पंधरवड्यानं सीबला घरी यायचा, जुम्म्याची नमाज पढून जेवायचा आणि शनिवारी पुन्हा वाळवंटातून परत. अमेरिकेला गेलं तर सगळे एका छपराखाली राहणार होते.

"अम्मी विचारतात, तिथे माणसं किती?" स्वयंपाकघराच्या दारातून अंबरीन म्हणाली.

सकिनानं काहीच विचारलं नव्हतं. तिनं सुनेकडे एकदा पाहिलं आणि पुढची सुकट उचलली.

"सगळ्या काउंटीत मिळून चार हजार," मुजम्मिल आईला म्हणाला. "आणि जागा म्हणशील तर आपल्या रत्नागिरी तालुक्याच्या दुप्पट."

"मग माणसं एकमेकांना भेटतात कुठे?" हे मात्र सकिनाचं स्वतःचं होतं.

"एक टाउन आहे ना, दादी." सहावीतली आमिना चटईवर पालथी पडून वाचत होती. तिचं मराठी अडखळत यायचं. "तिथे कोर्टहाउस आहे. बाकी सगळी शेती. आणि ओल्ड लोक जास्त आहेत. तुझ्यासारखे."

"मग बरंच आहे की. आणि वाली कोण तिथला, गावचा कारभार बघणारा?"

आमिना हसली. "वाली नसतो तिथे. तीन कमिशनर असतात, लोक त्यांना व्होट करतात. आणि एक शेरीफ, पोलीसवाला. सोमवारी मीटिंग असते. कोणीपण जाऊन बोलू शकतो, असं लिहिलंय."

"कोणीपण?"

"हो. उभं राहायचं आणि बोलायचं."

सकिनाचे हात थांबले. ती नवी नवरी म्हणून सीबला आली तेव्हा सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागे नुसती वाळू होती आणि खजुराच्या झावळ्यांची घरं. वाली सकाळी कचेरीच्या दाराशी बसायचा. ज्याला जे सांगायचं ते त्यानं जाऊन सांगावं. तिच्या नवऱ्याचं, बाबामियाँचं, शिलाईचं दुकान होतं. शेजारच्या कोळ्याच्या बकरीनं एकदा मांडलेला अख्खा तागा चघळला, तेव्हा बाबामियाँ रागारागानं वालीकडे गेले. वालीनं आधी कहवा पाजला, मग बकरीवाल्याला बोलावून त्यालाही पाजला. दोघं परत आले ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. बाबामियाँ गेले त्या वर्षीपर्यंत त्या कोळ्याच्या घरून दर ईदला सुरमई येत होती. कापडाची भरपाई तेवढी झाली नाही ती नाहीच.

"अम्मींना बर्फ कसं सोसेल?" अंबरीन म्हणाली. "त्यांचे गुडघे."

"इथे एसी तसा तिथे हीटर," मुजम्मिल आईकडेच बघत होता. "घरात बनियनवर बसशील तू."

"मी कशाला बनियनवर बसू?"

"अम्मींना दवाखानाही जवळ लागतो."

"टाउनमध्ये आहे हॉस्पिटल. हे बघ अम्मी, फोटो."

तो एकेक फोटो दाखवत होता. मक्याची शेतं, घड्याळाचा मनोरा असलेलं कोर्टहाउस, पिवळी स्कूलबस. कपाळाला घाम आला होता त्याच्या. सकिना फोटो बघत होती आणि अंबरीनच्या हातातली पळीही. पळी कोरडी होती, दारात उभं राहण्यापुरती घेतलेली. दापोलीहून ही पोर थेट सीबला आली. सूकमधल्या मासेवाल्यांशी अरबीत भांडायला शिकली, शेजारणींच्या घरात पायी ये-जा करते, तेवढंच तिचं जग. आणि या घरात सुनेचं 'नको' कधी तिच्या स्वतःच्या तोंडून आलं नव्हतं. ते सासूच्या दुखण्यातून यायचं.

सकिनाला ती वाट पाठ होती. बाबामियाँ तिला न्यायला गावी आले होते, तेव्हा दाराआड उभी राहून तीही म्हणाली होती, "अम्मांना दमा आहे, त्यांना टाकून कशी येऊ?" तिची सासू सफूरा ओट्यावर बसली होती. सफूरा उठली, घाटी उतरून विहिरीवर गेली आणि भरलेला हंडा कमरेवर घेऊन वर आली. मुलाच्या पुढ्यात ठेवला.

"मला काय झालंय?" म्हणाली. "घेऊन जा हिला."

कितीतरी वर्षं सकिनानं तो हंडा मनात धरला. मग मुलगा झाला, बकरी झाली, सुरमई झाली, आणि तीच गोष्ट ती शेजारणींना हसत हसत सांगू लागली. सासूनं चूक केली असंही आता म्हणवत नव्हतं. पण दाराआड उभ्या असलेल्या पोरीला त्या दिवशी कुणीच काही विचारलं नव्हतं.

तिनं हात झटकले आणि कशाचाही आधार न घेता उठून उभी राहिली. गुडघ्यातून कळ आली ती तिनं चेहऱ्यापर्यंत येऊ दिली नाही.

"मुजम्मिल, मी येते तिकडे."

"खरंच?"

"बर्फाचं माझं मी बघेन. तीन-तीन वाली आहेत, एखादा तरी ऐकेल."

मुजम्मिल मोकळेपणी हसला. त्यानं खिशातून फोन काढला. "खलास, ठरलं. मग आत्ताच मेल टाकतो."

"थांब. मी माझं सांगितलं." सकिना दाराकडे वळली. "अंबरीन, ती पळी ठेव आणि इकडे ये. अम्मी काय विचारतात ते झालं विचारून. आता तू विचार."

मुजम्मिलनं दाराकडे पाहिलं. फोटो दाखवायला लागल्यापासून तो पहिल्यांदाच तिकडे बघत होता.

अंबरीन आली, चटईच्या कडेला बसली. ओढणीला हात पुसून तिनं लॅपटॉप हळूच स्वतःकडे फिरवला.

"तुम्ही कारखान्यात गेलात," ती म्हणाली, "आमिना शाळेत गेली. मग मी दिवसभर कुणाशी बोलायचं?"

मुजम्मिल पडद्याकडे वाकला. नदी होती, शेतं होती, माणसांचा आकडा होता, तिन्ही कमिशनरांचे हसरे फोटो होते. त्यानं फोन खिशात ठेवला आणि लॅपटॉप मिटला.

"सांग," तो म्हणाला.

सकिनानं सुकटीचा कागद त्या दोघांच्या मधे सरकवला.

"बसल्या बसल्या डोकी मोडा. आमिना, चप्पल घाल. समुद्रावर जाऊन येऊ."

"आत्ता? दादी, ऊन आहे."

"अमेरिकेत नसेल. चल."

दार ओढून घेताना आतून अंबरीनचा आवाज येत होता, आधी थांबत थांबत, मग सलग. सकिना बाहेर क्षणभर उभी राहिली. त्या बोलण्यात अम्मी कुठेच नव्हती.