आधी पाहुण्यांची ओळख

“ओळख कसली करून देताय? तो कोण आहे ते त्याला माहितीय की!”

शिवणवाली स्टेजच्या पायरीवर उभी राहून ओरडली. कानाला फोन, गळ्यात अजून मापाची टेप. दुकान उघडं टाकून आलेली बाई.

“ताई, जरा दमानं,” अध्यक्ष माइकवर हात ठेवून म्हणाले. “कार्यक्रमाची एक पद्धत असते.”

“तिकडे आपल्या गावात माझा भाऊ शाळेच्या तळघरात लपून बसलाय. अर्धं गाव बसलंय. सैनिक घराघरात शिरून माणसं मारतायत, आणि तुम्हाला पद्धत सुचतेय?”

“बरोबर आहे,” मागून कोणीतरी म्हणालं. पण बसूनच.

पाहुणा सगळ्या देशांनी मिळून चालवलेल्या संघटनेचा मोठा अधिकारी. त्याने वर शब्द टाकला तर निरीक्षक जातील, रस्ता उघडेल, माणसं जिवंत बाहेर पडतील. एवढंच तर मागायचं होतं. त्याला विमान गाठायचं होतं, आणि अध्यक्ष आत्ता कुठे त्याच्या कॉलेजपर्यंत पोचले होते. ते बसले तर उपाध्यक्ष उठले. त्यांनी अध्यक्षांची ओळख करून दिली. पाहुण्याच्या कानात कुजबुजणारी दुभाषी मुलगीसुद्धा कंटाळली. पाहुणा गोड हसला आणि घड्याळाकडे बघायला लागला.

शिवणवालीचं डोकंच फिरलं. ती वर चढली, माइक हिसकावला आणि फोन त्याला चिकटवला.

“बोल रे! सगळे ऐकतायत. काय हवंय ते सांग.”

फोनमधून आधी नुसता श्वास आला, मग मागे रडणारं एक पोर. मग भावाने घसा खाकरला. गावातला एकही कार्यक्रम त्याच्या भाषणाशिवाय व्हायचा नाही.

“आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि जमलेल्या माझ्या...”

“अरे मेल्या, सरळ बोल!”

“हो, हो. सवय गं.” तो बहुतेक हसला. “तर पाहुण्यांना इतकीच विनंती, की...”

तिकडे काहीतरी धाडकन आदळलं. पोराचं रडणं एकदम थांबलं, कोणीतरी तोंडावर हात दाबल्यासारखं.

पाहुण्याने दुभाषी मुलीकडे बघितलं. तिच्याकडे सांगण्यासारखं अजून काहीच नव्हतं.

“ताई,” भाऊ अगदी हळू म्हणाला, “वरचं दार तोडतायत. चल, मला आता निघायला हवं.”