कॉम्प्युटरने न पाहिलेलं वळण

गाडी उलटली की आपण काय म्हणतो? "पळवत असणार लेकाचा!" चहाचा घोट घेता घेता आपला निकाल लागलेलासुद्धा असतो. रस्तेखात्यातली ती इंजिनिअरही तेच म्हणाली होती. फरक इतकाच, की तिने ते कॉम्प्युटरवर सिद्ध करून खाली सही ठोकली होती. आणि उलटलेला टँकर तिच्या सख्ख्या भावाचा होता; तोच चालवत होता, आणि त्यातच गेला.

साहेबांनी विचारलंही होतं, "दुसऱ्या कुणाला देऊ का हे काम?" पण ही मानी! "नको, मीच करते," म्हणाली.

तिचं काम असं, की रस्त्याचं वळण, उतार, गाडीचं वजन, वेग हे सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं आणि पडद्यावर गाडी चालवून ती कधी उलटते ते पाहायचं. कुणाला खरचटतही नाही आणि रस्त्याची खोड कळते. दादाचा टँकर तिने त्या वळणावरून बावीस वेळा नेला. पाटीवरच्या चाळीसच्या वेगाला तो एकदाही उलटला नाही. साठला उलटला. मग अहवालात तिने लिहून टाकलं, 'चालकाचा निष्काळजीपणा.'

त्याला दोन वर्षं झाली. दादाची आठवण आली की पाठोपाठ राग यायचा. कसली घाई होती रे तुला? तिला धड रडताही येत नव्हतं. वहिनीकडे जाणंही तिने हळूहळू सोडलं.

एका सकाळी वहिनीच ऑफिसात आली.

"वन्सं, मला ते एकदा दाखवा ना. यांचा टँकर."

"कशाला वहिनी? उगाच त्रास होईल."

"होऊ दे. दोन वर्षांत यांना कुठे बघितलंय मी?"

इंजिनिअरचा नाइलाज झाला. पडद्यावर छोटासा टँकर वळणात शिरला. वहिनी तोंडावर हात धरून बघत होती. मग एकदम पुढे वाकली.

"हे ते वळण नव्हे."

"तेच आहे. नकाशावरून घेतलंय."

"अहो, इथे पडद्यावर रस्ता डोंगराकडे कललाय! मी यांच्याबरोबर कितीदा गेलेय तिथून. एकदा टँकर तिथेच बंद पडला. मी पाण्याची बाटली खाली ठेवली, तर ती दरीकडे गडगडत निघाली. यांनी धावत जाऊन पकडली. म्हणाले, 'बघ, हा रस्ताच आपल्याला बाहेर ढकलतोय.' तुमचा नकाशा कधीचा?"

"रस्ता बांधला तेव्हाचा. अठरा वर्षं झाली."

"आणि त्यानंतर किती वेळा डांबर पडलं? तुमच्या कॉम्प्युटरला रस्ता कुणी दाखवला, वन्सं?"

इंजिनिअरने नकाशावरची तारीख पुन्हा पाहिली. ऑफिसची रीतच होती, आकडे नकाशातून उचलायचे. उन्हातान्हात जागेवर कोण जाणार? त्या रीतीत तीही मुरली होती.

दुसऱ्या दिवशी मोजणीची यंत्रं घेऊन ती स्वतः वळणावर गेली. थरावर थर चढून आतला उतार केव्हाच बुजला होता, रस्ता चक्क दरीकडे झुकला होता. खरे आकडे घेऊन ती परतली आणि तिने टँकर पुन्हा चालवला. त्या दिवशी होता तसाच, अर्धा भरलेला. वळणावर आतलं तेल एका अंगाला धावलं आणि टँकर आडवा झाला. वेग होता सदतीस!

"सदतीस!" ती किंचाळली. "दादा, तू उलटला नाहीस रे, आम्ही उलटवलं तुला!" दोन वर्षांचं रडू तेव्हा बाहेर पडलं.

साहेब धावत आले. सगळं पाहून चाचरत म्हणाले, "पण ती फाइल बंद झालीय. आता उकरून काय हाती लागणार?"

"साहेब, त्या वळणावरून उद्या दुसऱ्या कुणाचा तरी दादा जाणार आहे."

साहेबांनी ती बंद फाइल मागवून घेतली. मग त्यांनी हुकूम काढला. दुरुस्ती होईपर्यंत त्या वळणावर वेग वीस, आणि यापुढे जागेवर मोजल्याशिवाय कॉम्प्युटरमध्ये एकही आकडा जाणार नाही. जुन्या अहवालातली ती ओळ इंजिनिअरने स्वतःच्या हाताने खोडली.

मंडळी, मेलेला माणूस आपली बाजू मांडायला येत नाही. म्हणून त्याच्यावर खापर फोडणं सगळ्यात सोपं! यंत्र खोटं बोलत नाही हे खरं, पण आपण सांगू तेवढंच ते बोलतं. कुणालाही दोषी ठरवण्याआधी त्याच्या पायाखालचा रस्ता एकदा जाऊन बघा.

नवा अहवाल घेऊन इंजिनिअरने वहिनीला बोलावलं. उतार नीट केला तर काय होईल, तेही दाखवलं. टँकर चाळीसने वळणात शिरला, जरासा कलला, सावरला आणि पडद्याबाहेर निघून गेला.

"आता पुढे कुठे जाईल?" वहिनीने विचारलं.

"पुढचा रस्ता भरलाच नाहीये, वहिनी."

"घरीच येणार, अजून कुठे!" वहिनी डोळे पुसत म्हणाली. "परत एकदा लावा ना, वन्सं."

इंजिनिअरने परत लावला. आणि मग, वहिनीने न सांगताच, आणखी एकदा.