बारीक चाळणी

माझ्या धाकट्या बहिणीचा रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आला आणि माझ्या कपाळाला आठी पडली. "आनंदाची बातमी आली की तुझं तोंड वाकडं!" आई म्हणाली. होतंच वाकडं. चांगल्या बातमीवर माझा पटकन विश्वास बसत नाही, आणि ही तर माझ्याच लॅबमधून आलेली.

आमचं काम समजायला सोपं आहे. अंगठ्याएवढा पारदर्शक रबराचा तुकडा, म्हणजे चिप, त्यात केसाहून बारीक नळ्या. एकीकडून रक्तातल्या पेशी सोडायच्या, दुसरीकडून तेल. मधे थेंब पडतात, एका थेंबात एक पेशी. मग एकेकीच्या आत काय शिजतंय ते वाचायचं. मोठ्या कंपनीचं यंत्र घ्यायचं तर घरदार विकावं लागेल. आम्ही सिरिंजा आणि घरच्या घरी ओतलेल्या चिपवर भागवतो. चिप मी करते, चालवतो धाकटीचा नवरा. त्याला इथे मीच चिकटवलाय.

धाकटीला रक्ताचा आजार आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहिलेला. गोळ्या चालू असताना मूल होऊ द्यायचं नाही. यावेळी एकही वाईट पेशी दिसली नाही तर गोळ्या थांबवून बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. थांबवल्या आणि आजार आत असला, तर तो उसळून वर येणार.

मी आलेख पुन्हा उघडला. वाईट पेशी नव्हत्या, ठीक. पण मोठ्या निरोगी पेशीही नव्हत्या, ज्या तुमच्याआमच्या सगळ्यांच्या रक्तात असतात. आजार पळाला म्हणावं, पण या बायका कुठे गेल्या?

रक्त चिपमध्ये सोडण्याआधी चाळून घ्यावं लागतं, नाहीतर गुठळ्या अडकतात. मी खण उघडला. सगळ्यात बारीक चाळणीचं पाकीट फोडलेलं. त्यातून मोठी पेशी जाणंच शक्य नाही, आणि वाईट पेशी मोठ्याच असतात.

"अहो मेहुणे, धाकटीचं रक्त कुठल्या चाळणीतून गेलं?"

"चिप तुंबत होती."

माझी चिप! तो माझ्याकडे बघेना. चोराच्या मनात चांदणं. माझं डोकंच फिरलं.

"पोर पाहिजे म्हणून बायकोच्या जिवावर उठलात? लाज नाही वाटत?"

त्याचा चेहरा पांढरा पडला, पण त्याने फक्त उरलेल्या रक्ताची कुपी माझ्यापुढे सरकवली. ते मी स्वतः नेहमीच्या चाळणीतून चालवलं. निकाल आला. मोठ्या निरोगी पेशी होत्या आणि त्यांच्या शेजारी वाईटही. थोड्या, पण होत्या.

मी तडक धाकटीकडे गेले. ती भांडी पुसत होती. मी तिच्या नवऱ्याचं नाव काढलं मात्र, तिने फडकं आपटलं.

"त्याला एक शब्द बोलू नकोस, ताई. मी सांगितलं त्याला."

"तुला काय कळतं चाळणीतलं?"

"जेवताना तुम्ही दोघं दुसरं बोलता काय? ऐकून ऐकून पाठ झालंय मला. तो नाहीच म्हणत होता. मी जेवण सोडलं, तेव्हा तयार झाला."

मी खुर्चीवर बसले. काय काय बोलले होते मी त्या माणसाला!

"दुसरा रिपोर्ट पाठवू नकोस," ती म्हणाली. "एकच वर्ष दे मला. पुढचं पुढे."

"आणि पुढे तूच नसलीस तर?"

"तू आहेस ना. तू वाढवशील."

मला रडू फुटलं आणि तिच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली. मी बाहेर आले आणि जिन्यातच उभी राहून डॉक्टरांना दुसरा रिपोर्ट पाठवला.

तेव्हापासून धाकटी माझ्याशी बोलत नाही. गोळ्या चालू आहेत, असं तिचा नवरा सांगतो. न मागता मला रोज पाकिटाचा फोटो पाठवतो, आणखी एक गोळी काढलेली. मी फोटो मोठा करून बघते. गोळी पाकिटातून गेलीय खरी. ती पोटात गेली की बेसिनमध्ये, ते फोटोत कुठे दिसतं?